गुईचं शेपूट

"गुई कुणाच्या घरी धाडायची तर टोक बघून धाड, आणि सोबत दोन शब्द धाड. मुकी गुई धाडू नये."

पाठीवर टोपली अडकवून शेताकडे निघताना चाओदीनं सुनेला एवढं बजावलं होतं. सूछिन तेव्हा एका हातानं लेकीचं नाक पुसत होती आणि दुसऱ्या हातानं खोक्याची चिकटपट्टी दातांत धरून तोडत होती. "हो आई," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. ते 'हो' कसलं होतं हे दोघींनाही माहीत होतं. सासू फाटकाबाहेर पडली आणि सूछिननं कोपऱ्यातल्या पाटीत हात घातला.

ताओ नदीच्या काठच्या या गावात सगळ्यांच्या अंगाला गुईचा वास येतो. अंथरुणाला येतो, भाकरीला येतो, शाळेतल्या पोरांच्या वह्यांनाही येतो. पूर्ण नाव दांगगुई. पण एवढं लांब नाव घ्यायला इथं कुणाला सवड आहे? बायकांचं औषध म्हणून हे मूळ देशभर जातं. पाळी चुकली, गुई. अंगात रक्त कमी, गुई. बाळंतीण घरी आली की कोंबडीच्या रश्श्यात गुई. आणि इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं, की डोकं रक्त धरतं, अंग रक्त भरतं, शेपूट रक्त ढकलतं. मुळाचा वरचा गड्डा ते डोकं, मधला भाग अंग आणि खाली फुटलेल्या बारीक मुळ्या म्हणजे शेपूट.

सूछिनला हे पाठ होतं आणि पटत नव्हतं. लानचौला चार वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकून आलेली ती. प्रयोगशाळेत त्यांनी मूळ अख्खंच दळलं होतं, डोकं-शेपूट सगळं एका भांड्यात, आणि काचेच्या नळीत जे उतरलं त्याला कुठलंही टोक नव्हतं. तेव्हापासून सासू विलोच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मुळांची प्रतवारी करायला बसली, की सूछिनला तिची जराशी दयाच यायची. जन्मभर बिचारीनं डोकी एकीकडे आणि शेपटं एकीकडे केली.

त्या दिवशी कुरियरवाली बाई फाटकात उभी राहून भोंगा वाजवत होती. चांगल्या जुड्या वर माळ्यावर होत्या. शिडी लावायची तर मियाओला खाली ठेवावं लागलं असतं, आणि नऊ महिन्यांची मियाओ नुकतीच जमिनीवरचं काहीही तोंडात घालायला शिकली होती. पाटीतली मुळं बारीक होती, लवकर शिजली असती, वासही झणझणीत होता. दोन ओंजळी भरल्या, खोकं बंद केलं, पत्ता चिकटवला. चिठ्ठी लिहायची राहिली. नणंदेला फोनवर सांगता येईलच की, त्यात चिठ्ठी कशाला.

नणंद म्हणजे मेइतिंग. चाओदीची एकुलती मुलगी, उरुम्चीला दिलेली. नवरा मालट्रक चालवायचा, वाळवंटाच्या रस्त्यानं काशगरपर्यंत. एकदा निघाला की आठ-आठ दिवस त्याचा फोन लागत नसे. मुलगी झाल्यावर मेइतिंग चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली. चाओदीला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, पण नेमकी गुई काढायची वेळ, आणि पहिलं कडक हिव पडायच्या आत ती जमिनीतून निघाली नाही तर वर्ष गेलं. म्हणून बाळंतिणीचा महिना सगळा विहीणबाईंच्या हाती होता. विहीणबाई हनान प्रांतातल्या, शब्दाला कडक, हाताला स्वच्छ. त्यांच्याविरुद्ध कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

खोकं पोचलं. आणि बाळंतपणाच्या तेराव्या दिवशी, मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी मेइतिंगचा आवाजी निरोप आला. नऊ सेकंदांचा.

"वहिनी, तुझी गुई भारी आहे गं. सकाळपासून चारदा घडी बदलली. सासूबाई म्हणतात, घाण निघून जातेय, बरंय. मियाओला पापा दे."

सूछिननं तो ऐकला तेव्हा मियाओ ताप उतरून चिडचिडत होती. तिनं ऐकता ऐकता मनात हिशोब केला, कारण हिशोब केल्याशिवाय तिला काही ऐकताच येत नसे. लेक झाल्यापासून ती सगळं मोजायची. मियाओचे श्वास, दुधाचे घोट, ओली लंगोटी किती नि सुकी किती. एक वहीच होती तिची त्यासाठी, आणि सासू त्या वहीला 'पोरीची पंचांगं' म्हणायची. तर सकाळी सहा ते अकरा वीस, म्हणजे साडेपाच तासांत चारदा. तासाला कापडाची एक घडी रक्तानं भिजली तर धावाधाव करायची, असं पुस्तकात होतं. ही त्याच्या आत बसत होती. तिनं उत्तर म्हणून एक फूल पाठवलं, फोनमध्ये असतं तसलं गुलाबी, आणि मियाओला खांद्यावर घेतलं.

त्यानंतर मेइतिंगकडून काही नाही.

बुधवारी तिनं दोन निरोप पाठवले. ते पोचले, पण वाचलेले दिसेनात. बाळंतिणीनं महिनाभर फोन बघू नये, डोळे जन्माचे अधू होतात, हे तर सगळ्याच घरांत मानतात; विहीणबाईंनी फोन काढून घेतला असेल. किंवा मेइतिंग झोपत असेल. बाळ झोपलं की आई झोपते, ते बरंच आहे. किंवा. या तिसऱ्या 'किंवा'पाशी आली की सूछिन उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

गुरुवारी पहाटे चाओदी अंगणात मुळं झटकत बसली होती. ओल्या मातीची ढेकळं पायांशी पडत होती. सुनेकडे न बघताच तिनं विचारलं, "मेइतिंगला कुठलं टोक धाडलंस गं तू?"

"अंग," सूछिन म्हणाली.

शब्द आपसूक निघाला. मियाओनं नेमकी तेव्हा तिची वेणी ओढली, आणि वेणी सोडवण्यात ती खरं सांगायची वेळ निघून गेली. चाओदीनं "बरं" म्हटलं आणि दुसरं मूळ उचललं.

सूछिन आत आली, लेकीला उबदार विटांच्या ओट्यावर उशांच्या मधोमध बसवलं आणि फोनवर शोधायला लागली. एका ठिकाणी लिहिलं होतं, बाळंतिणीला गुई अमृत. त्याच्याच खाली, रक्त जात असताना गुई अजिबात नको. एक डॉक्टर म्हणत होता की डोकं-शेपूट ही जुनी समजूत. दुसरी डॉक्टरीण म्हणत होती की शेपटानं रक्त पातळ होतं, जपून. एका बाईनं लिहिलं होतं की मी तीन आठवडे शेपटाचाच रस्सा प्यायले आणि आता बैलासारखी आहे. सूछिननं प्रत्येक गोष्ट दोनदा वाचली. तिला स्वतःच्या चार वर्षांच्या शिक्षणातलं आठवेना झालं. त्या काचेच्या नळीत शेवटी काय उतरलं होतं? आणि ते रक्ताचं काय करतं, हे त्यांनी विचारलं तरी होतं का? त्यांनी मोजलं होतं एवढं तिला आठवत होतं. चांगलं मोजलं होतं.

तिनं सासूनं वेगळ्या केलेल्या दोन ढिगांतली मुळं हातात घेतली. एक डोकं, एक शेपूट. दोन्ही चघळून बघितली. डोकं गोडसर, मग कडू. शेपूट कडू, मग गोडसर. की उलट? तिला सांगता येईना.

नऊ वाजता तिनं विहीणबाईंना फोन लावला. गावात नऊ म्हणजे अर्धा दिवस. माणसं शेतातून एक खेप करून आलेली असतात.

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. सूछिननं सगळं रीतसर केलं. आत्याबाई, तब्येत कशी, हवा कशी, बाळ कसं. उत्तरं एका शब्दाची येत होती. शेवटी तिनं विचारलं की मेइतिंगशी जरा बोलता येईल का.

"झोपलीय."

"उठल्यावर?"

"उठली की खाते, खाल्लं की झोपते. बाळंतिणीनं दुसरं काय करायचं असतं? फोन माझ्या कपाटात आहे." मग जरा थांबून, "तुम्हाला काय बोलायचं असेल ते मला बोला. त्या दिवशी खोक्यातून बोललात तसं आडून नको."

सूछिनला कळेना. तिनं विचारलं, खोक्यातून म्हणजे?

"शिकलेली आहेस ना तू? दांगगुई म्हणजे काय?"

दांगगुई म्हणजे दांगगुई, असं सूछिनच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. दांगगुई म्हणजे 'परत यायला हवं'. नावाचा अर्थच तो. जुन्या काळी दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला बायको एक शब्द न लिहिता हे मूळ धाडायची, आणि नवरा काय समजायचं ते समजायचा. ज्या गावात हे मूळ बटाट्यासारखं पाटीत पडलेलं असतं, तिथं त्याचं नाव कुणी ऐकत नाही. पण हनानच्या बाईनं ऐकलं होतं. सून दोन आठवड्यांची बाळंतीण, पहिली मुलगी झालेली, आणि माहेरहून चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत, नुसतं खोकं भरून 'परत ये'.

"आत्याबाई, तसं नाही हो," सूछिन म्हणाली. "औषध म्हणून—"

"मुलगी झाली म्हणून मी तिचे हाल करीन असं वाटलं तुमच्या घरच्यांना. बरं. मी काय ते फेकून दिलं नाही. रोज दोन्ही वेळा कोंबडीत घालतेय, चांगली मूठ-मूठ. तुमचं 'परत ये' तिलाच खाऊ घालून संपवते. म्हणजे परत न्यायला काही उरायला नको."

मूठ-मूठ. तिनं विचारलं, मेइतिंगचा रंग कसा आहे, अंगावरून किती जातंय. विहीणबाई म्हणाल्या, असलं फोनवर विचारतात होय? रंग बाळंतिणीसारखा आहे, कणकेसारखा पांढरा, असायचाच. मग त्यांचा आवाज थोडा सैल झाला. भांडून झाल्यावर माणसाचा होतो तसा. म्हणाल्या, "जाऊ दे. ठेवते. आत्ता कुठं उजाडतंय इथं, राळ्याची पेज चुलीवर ठेवायचीय."

फोन बंद झाला. बाहेर ऊन भिंतीवरून उतरून अंगणाच्या मध्यावर आलं होतं. मियाओनं उशीची शिवण तोंडात घातली होती.

आत्ता कुठं उजाडतंय.

देशभर घड्याळ एकच. शाळेत तसंच शिकवतात, आणि फोनही तेच दाखवतो. पण सूर्याला ते कुणी सांगितलेलं नाही. उरुम्ची इतकी पश्चिमेला आहे, की इथं अंगणात ऊन येतं तेव्हा तिथं दिवे लागलेले असतात. तिथली माणसं साडेनऊला अंथरूण सोडतात आणि त्याला सकाळ म्हणतात.

सकाळपासून चारदा.

सूछिननं वही काढली. मंगळवारच्या पानावर तिनं मियाओच्या तापाच्या आकड्यांखाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: मे. ४ / ५.५ तास. ठीक. आता तिनं पेन्सिलनं साडेपाचवर काट मारली आणि दोनापेक्षा कमी लिहिलं. अकरा वीस उणे साडेनऊ. पुन्हा लिहिलं. तिनं मियाओचा एकेक घोट मोजला होता, आणि नणंदेचं रक्त चुकीच्या सूर्यानं मोजलं होतं. त्याला आता दोन दिवस झाले होते. दोन दिवस, दोन्ही वेळा, मूठ-मूठ.

की आपण उगाच घाबरतोय? मेइतिंग कधी उठली कुणास ठाऊक. बाळ पहाटे रडतं, ती पहाटेच उठली असेल, पहाटेपासूनच मोजलं असेल. घडी पातळ असेल. कदाचित पूर्ण भिजायच्या आत बदलत असेल. मेइतिंगला स्वच्छतेचं वेड आहे. कणकेसारखा पांढरा, पण मेइतिंग गोरीच आहे. प्रत्येक गोष्टीला दोन टोकं होती, आणि सूछिनला एकही धरता येईना.

ती लेकीला कडेवर घेऊन अंगणात गेली.

"आई, मी शेपूट धाडलं."

चाओदीचा हात मुळावर थांबला.

"अंग म्हणाले होते, ते खोटं. पाटीतलं धाडलं. आणि चिठ्ठी नाही टाकली." मग तिनं राहिलेलं सगळं सांगितलं, निरोप, फूल, विहीणबाई, मूठ-मूठ, घड्याळ. सांगताना तिला वाटत होतं की सासू मध्येच काहीतरी बोलेल, निदान शिवी देईल. चाओदी ऐकत राहिली. तिच्या नखांत काळी माती होती आणि ती एका नखानं दुसऱ्या नखातली माती काढत होती.

"तो निरोप लाव," ती म्हणाली.

सूछिननं लावला. नऊ सेकंद. चाओदीनं पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले.

"तुला काय वाटतं, शेपटानंच झालं असेल?" सूछिननं विचारलं. प्रश्न सासूला होता की प्रयोगशाळेला, तिला माहीत नव्हतं.

"मला काय ठाऊक. डोकं धरतं, शेपूट ढकलतं, असं माझी आई म्हणायची. तिची आई म्हणायची. मी चाळीस वर्षं दोन ढीग करतेय, खरं-खोटं बघायला कुणाला कापून बघितलंय मी?" चाओदी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. "पण ऊन वर यायच्या आत चार घड्या, हे मला ठाऊक आहे. मेइतिंगच्या वेळचं. माझी सासू म्हणायची, घाण जातेय, जाऊ दे. बाहेर दाराला बाळंतिणीचं लाल कापड. कोण आत येणार? मी खोलीत पडल्या पडल्या छताचे वासे मोजत होते. अकरा होते. मग सात दिसायला लागले. शेजारची जी बाई आली ना, ती रीत मोडून आली. चाळण मागायला आले म्हणाली. चाळण तिच्याकडं होती."

ती एवढं कधी बोलली नव्हती. सूछिनला त्या शेजारच्या बाईचं नाव विचारायचं होतं, पण ती वेळ नव्हती.

त्यांनी विहीणबाईंना पुन्हा फोन लावला. बंद. जावयाला लावला. बंद, वाळवंटात असणार. तातडीच्या गाडीचा नंबर लावला तर तो इथल्याच जिल्ह्याला लागला. तिथल्या माणसानं उरुम्चीचा नंबर दिला. उरुम्चीची बाई शांतपणे बोलली. पेशंट कुठं आहे? शुआंगयू वसाहत. इमारत कितवी, दार कितवं? सूछिनकडे होता तो खोक्यावरचा पत्ता, आणि खोकी वसाहतीच्या फाटकाजवळच्या पार्सलच्या दुकानात उतरत. इमारती एकोणीस होत्या. त्या दुकानाचा फोन कुणी उचलेना. मेइतिंगच्या सासरची मेंग मंडळी गेल्या वर्षीच तिथं राहायला गेलेली. चाओदीनं लेकीचं ते घर पाहिलेलं नव्हतं. रक्त किती जातंय, त्या बाईनं विचारलं. पेशंट शुद्धीत आहे का? सूछिन म्हणाली, माहीत नाही. तिन्ही प्रश्नांना ती माहीत नाही म्हणाली. ती बाई म्हणाली, दाराशी कुणाला तरी पाठवा, दार नंबर कळला की लगेच फोन करा, गाडी निघेल.

दाराशी कुणाला तरी.

एक रस्ता होता. उरुम्चीत राहणाऱ्या मिन-श्यानच्या, म्हणजे इथल्याच भागातल्या लोकांचा फोनवर एक गट होता, चारेकशे माणसांचा. सूछिन त्यात होती, कारण तिथल्या गिऱ्हाइकांना ती गुई पाठवायची. कोण मेलं, कुणाचं लग्न, कुणाकडं गावची मुळं आली. सगळं तिथं यायचं. तिथं टाकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत इथल्या बाजारात पोचायची, हेही तितकंच खरं.

सूछिननं सासूकडे पाहिलं. विचारायची गरज नव्हती. सुनेच्या माहेरच्यांनी चारशे माणसांत ओरडून सांगायचं, की आमच्या मुलीला तिच्या सासूकडे बरं ठेवलंय का ते जाऊन बघा. त्या बाईनं हे कधी विसरायचं नाही. मेइतिंगला त्याच घरात म्हातारं व्हायचंय. आणि उद्या मेइतिंग धडधाकट निघाली, रस्सा पिऊन गालावर लाली आलेली निघाली, तर? मग 'परत ये' खरंच होईल.

"मी त्या घरी पाहुणी म्हणून एकदाही गेले नाही," चाओदी म्हणाली. "आणि पहिल्यांदा जाणार ती अशी. परक्यांच्या पायांनी." तिनं मियाओला सुनेच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं. "लिही. मी हिला धरते. चाळण मागायला माणूस लागतो."

सूछिन उंबऱ्यावर बसली. तिनं लिहिलं, की त्रास देते त्याबद्दल माफ करा, तसं काळजीचं कारण नसेलही. हे वाचून ती स्वतः तरी कुठं गेली असती? पुसलं. मग औषधाबद्दल लिहिलं, टोकांबद्दल, घड्याळाबद्दल; ते इतकं लांबलं की तिलाच पुढचं-मागचं कळेना. तेही पुसलं. दार कुठलं ते तरी सांगता यायला हवं. तिनं जुने निरोप चाळले. बाळाला घरी आणतानाची चित्रफीत होती, जावयानं ट्रकवर जायच्या आधी काढलेली. मेइतिंग कठडा धरून जिना चढत होती. सूछिननं आवाज बंद केला आणि वळणं मोजली. एक. दोन. मेइतिंग तिथं थांबली होती, हसली होती. तीन. चार. मग हिरवं लोखंडी दार, आणि दार उघडल्यावर समोरच्या खिडकीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं धुराडं. दोन वळणांना एक मजला, तळमजला पहिला धरला तर तिसरा मजला. धुराडं दिसतं म्हणजे इमारत वसाहतीच्या कडेची असणार. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मोजण्याचा दुसऱ्या कुणाला उपयोग होता, होता का? तिला खात्री नव्हती. खात्री होईपर्यंत थांबायचं असतं, असं ती शिकली होती. कुठं शिकली होती, ते आता आठवत नव्हतं.

अंगणात चाओदी नातीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. मियाओच्या मुठीत गुईची एक बारीक मुळी होती, आणि या वेळी ती कुणी काढून घेतली नाही.

सूछिननं पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी ती थांबली नाही, आणि वाचूनही पाहिलं नाही.

"हे वाचणाऱ्या कुणालाही. तुम्ही शुआंगयू वसाहतीत किंवा जवळपास असाल तर हातातलं काम ठेवा आणि जा. कडेच्या इमारती बघा, जिथून लाल-पांढरं धुराडं दिसतं त्या. तिसरा मजला, हिरवं लोखंडी दार. आत माझी नणंद आहे, होउ मेइतिंग, पंधरा दिवसांची बाळंतीण. तिचं रक्त जास्त जातंय असं मला वाटतं. मला नक्की माहीत नाही. तिच्या सासूबाई चांगल्या आहेत, त्यांच्याशी भांडू नका. त्यांना सांगा की गुई माहेरच्या सुनेनं धाडली, ती सून मूर्ख आहे, त्यात कसलाही निरोप नव्हता, आणि रस्सा आता बंद करा. पण त्यांच्या सांगण्यावर परत फिरू नका. ती झोपलीय म्हणतील, उठवा. तिलाच विचारा, उजाडल्यापासून किती घड्या बदलल्या. तिला उत्तर देता आलं नाही तर तिथूनच गाडी बोलवा आणि दाराचा नंबर सांगा. दाराला लाल कापड बांधलेलं असेल. ते 'आत येऊ नका' म्हणतं. तरी दार वाजवा. चाळण मागायला आलोय म्हणा."